नामीबाईंचा दौरा

"लुदिया, चित्रांची गुंडाळी घेतलीस ना?"

नामीबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून त्यांच्या पातळाच्या निऱ्या सारख्या करत होते.

"घेतली."

"आणि पाट्या?"

"त्याही घेतल्या."

"पेन्सिली मोजून घे. मागच्या वेळी चार कमी पडल्या, तर बायका आपसात भांडायला लागल्या."

मागची वेळ म्हणजे वीस वर्षांपूर्वीची. चित्रांची गुंडाळी वाळवीने कधीच खाल्ली होती आणि पाट्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर जीपमध्ये नामीबाईंची पत्र्याची पेटी, एक वळकटी, बादली आणि औषधांची पिशवी एवढंच सामान चढवलेलं होतं. तरी मी हो ला हो म्हणत होते. त्या सकाळी मला त्यांना न रडवता गाडीत बसवायचं होतं, आणि आपण दौऱ्याला निघालोय असं त्यांनी आपणच धरून घेतलं होतं. मी तसं सांगितलं नव्हतं. नाही असंही सांगितलं नाही, एवढंच.

ही एकोणीसशे शहाण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. तेव्हा मी नगर जिल्ह्यात, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वृद्धाश्रमात मेट्रन होते. पाटीवर नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला बंगलाच म्हणायचे, कारण पूर्वी तो मिशनच्या गोऱ्या डॉक्टरांचा बंगला होता. उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा, मागे चिंचेची झाडं. तेवीस म्हातारी माणसं तिथे राहायची. कुणी मिशनच्या शाळेतले मास्तर, कुणी दवाखान्यातल्या नर्सबाई, तर कुणी असेच, ज्यांना घरी कोणी नव्हतं किंवा असून नसल्यासारखं होतं. त्यांना बघायला मी, स्वयंपाकाला सुलाबाई आणि धुण्याझाडण्याला हौसाबाई. माझे यजमान गेल्यावर मंडळीनेच मला ही नोकरी दिली होती. कोपऱ्यातल्या एका खोलीत मी राहायचे.

नामीबाई पाटोळे तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं त्या मिशनच्या प्रचारक बाई म्हणून खेडोपाडी हिंडल्या. थंडी पडली की बैलगाडीत तंबू टाकून निघायच्या, त्या होळीपर्यंत. चित्रं दाखवून प्रभूच्या गोष्टी सांगायच्या हे खरं, पण त्याबरोबर बायकांना अक्षरं शिकवायच्या, पोरांचे चिकटलेले डोळे कोमट पाण्याने धुवायच्या, बाळंतिणीपाशी रात्ररात्र बसायच्या. "धर्म बदलला चार जणींनी," त्या हसत सांगायच्या, "पण सही करायला शिकल्या चारशे."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं, मग वर्षं. शेवटी डोक्यात फक्त दौरा उरला. रोज सकाळी पिशवी भरून त्या फाटकाकडे निघायच्या. मी परत आणायचे. कधी दहा मिनिटांत यायच्या, कधी तास लागायचा. तोवर आत कुणाची तरी चादर ओली झालेली असायची, कुणाचं इंजेक्शन राहिलेलं असायचं. ऑगस्टमध्ये त्या हमरस्त्याने दोन मैल चालत गेल्या. दुधाच्या टेम्पोवाल्याने बिचाऱ्याने केबिनमध्ये बसवून परत आणून सोडलं.

आणि ऑक्टोबरात आयझॅक मास्तर पडले. मास्तर एक्क्याऐंशीचे. सकाळी त्यांना नामीबाई फाटकाबाहेर पडताना दिसल्या. मी आत कुणाला तरी अंघोळ घालत होते, हाक ऐकू आली नाही. मास्तर काठी टाकून त्यांच्या मागे धावले, आणि पायरीवरून कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. नामीबाईंनी वळूनही पाहिलं नाही, कारण त्यांना गाडी गाठायची होती.

समितीची बैठक झाली. बंगल्यात दाखल होतानाच्या अर्जावर नियम छापलेला होता: रहिवाशाला स्वतःचं स्वतः करता येईल तोवर संस्था ठेवून घेईल, पुढे नातेवाइकांनी न्यावं. नामीबाईंच्या अर्जावर नातेवाईक म्हणून त्यांच्या भाच्याचं, शांतवन पाटोळेचं नाव होतं. त्याला पत्र गेलं. महिनाभर उत्तर आलं नाही. मग समितीने ठरवलं की, त्यांना पोचवून यावं. आणि पोचवायला, अर्थातच, मी.

निघण्याआधी समितीचे सेक्रेटरी थोरात सर प्रार्थनेला आले. ते निवृत्त हेडमास्तर होते, मनाने चांगले. आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. चालता येणारी सगळी मंडळी व्हरांड्यात जमली. कुठे चाललोय ते नामीबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं. सुलाबाई पदर तोंडाला लावून खांबाआड उभी होती.

थोरात सरांनी डोळे मिटले, घसा खाकरला. पण त्यांनी सुरुवात करायच्या आत नामीबाईच उभ्या राहिल्या. दौऱ्यावर निघताना प्रार्थना नेहमी त्याच करायच्या.

"हे स्वर्गीय बापा," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत, एकही शब्द अडखळला नाही. "आम्ही निघतो आहोत. आमची काळजी नाही, आमच्याबरोबर तू आहेस. पण ही मागे राहणारी तुझी लेकरं आहेत, त्यांच्याकडे बघ. त्यांचे हातपाय थकलेत. त्यांना कुणी कुठे नेत नाही. त्यांना एकटं वाटू देऊ नकोस. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. थोरात सर म्हणाले नाहीत. त्यांची मान खालीच राहिली. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "लुदियाबाई, ऊन व्हायच्या आत निघा."

जीप याकोबदादा चालवत होते. मंडळीची सगळी ने-आण तेच करायचे. पन्नाशीचा, मुकाट माणूस. नामीबाई पुढे बसल्या, मी मागे पेटीशेजारी. गार वारा होता. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लावायची गडबड चाललेली, बायका ओळीने वाकलेल्या. नामीबाईंना जेवल्याचं आठवत नव्हतं, पण गावं मात्र एकामागून एक बरोबर सांगत होत्या.

"हे आलं ना, इथल्या विहिरीला पायऱ्या आहेत. इथली पाटलीण फार कडक, पण चहा द्यायची. याकोब, पुढच्या वेशीपाशी थांबव. यमुनाकडे जायचंय."

याकोबदादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबवा."

का म्हटलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. जितका वेळ वाटेत जाईल तितका बरा, असंच काहीतरी होतं.

बोरखेडीच्या वेशीशी चार घरं सोडून एका अंगणात नामीबाई सरळ शिरल्या. एक पस्तिशीची बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. अनोळखी माणसं बघून ती उठली.

"यमुना कुठाय?" नामीबाईंनी विचारलं.

"माझ्या सासूबाई? तुम्ही कोण म्हणायच्या?"

"मी मिशनची नामीबाई."

त्या बाईने सुपातल्या शेंगा बाजूला केल्या आणि पदर डोक्यावर घेतला. "नामीबाई? अगं बया! आमच्या सासूबाई लई नाव काढायच्या तुमचं. आख्ख्या भावकीत सही येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. ग्रामपंचायतीत अंगठ्याचं शाईचं फडकं पुढं केलं, तर रागवायच्या."

"कुठे गेलीय पण ती?"

"बाई, त्या वारल्या. आठ वर्षं झाली की."

नामीबाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "आली की सांग, नामी येऊन गेली म्हणून. पुढचा धडा पुढच्या खेपेला घेऊ."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी नजर खाली घातली. तिने आत जाऊन तीन कप चहा आणला आणि नामीबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. निघताना ती म्हणाली, "थांबा की दोन दिस. एवढ्या लांबून आलाय." मनापासून म्हणाली. मी आभार मानून जीपकडे निघाले. माझ्या मनात काय येऊन गेलं ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. इथेच सोडून जावं, असं आलं होतं.

शांतवनचं गाव तिथून तासाभरावर. गावकुसाबाहेर सिमेंटच्या पत्र्यांचं दोन खोल्यांचं घर. शांतवन दारात उभाच होता. जीपचा आवाज ऐकून त्याला कळलं असावं. चाळिशीचा, हडकुळा, अंगात दूध संघाचा निळा शर्ट. मी आमच्या ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हटलं, त्याने "सलाम, बाई," म्हणत हात जोडले आणि आत्याला हाताला धरून उतरवलं. आत्याने त्याला ओळखलं नाही, पण हात सोडवूनही घेतला नाही.

आम्ही आत पाऊल ठेवलं. भिंतीला लागून एक बाज होती आणि बाजेवर एक म्हातारी बाई पडलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात छातीवर लाकडासारखा.

"आई माझी," शांतवन म्हणाला. "दोन वर्षं झाली. वारं गेलं अंगावरून."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अर्जावर फक्त भाच्याचं नाव आणि पत्ता होता.

नामीबाई मात्र सरळ बाजेपाशी गेल्या, काठावर बसल्या, आपल्या भावजयीच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. "किती दिवस झाले ताप येतोय?" त्यांनी विचारलं. बाजेवरच्या बाईच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तिने नणंदेला ओळखलं होतं. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. "रडू नको," नामीबाई तिला म्हणाल्या. "मी आलेय ना आता."

शांतवनची बायको सुनंदा चुलीपाशी उभी होती. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"पत्राचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही," मी शांतवनला म्हटलं. माझा मलाच राग आला, पण दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"काय देऊ?" तो म्हणाला. "नको लिहावं तर आत्या आहे. बाप गेल्यावर माझी शाळा तिनं चालवली. बोर्डिंगात मला बघायला दर महिन्याला यायची. आणि या लिहावं तर..." त्याने हाताने घर दाखवलं. "मी टँकर धुवायला जातो, ही कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. आज तेवढी सुट्टी, नाहीतर सकाळी सातला जातो, ते दिवे लागायला येतो. आई हलत नाही, म्हणून तिला ठेवून जाता येतं. शेजारच्या काकू पाणी पाजतात. आत्या हिंडती आहे. बाई, तुम्हीच सांगा, दार बाहेरून लावू?"

मी तांब्या उचलला.

त्याने देवळीतून एक घडी केलेला कागद काढला. संस्थेचं पत्र. माझ्यापुढे धरून त्याने बोट ठेवलं. "हे तुमचंच नाव ना?"

मी वाचलं. पत्रात लिहिलं होतं: "संस्थेच्या मेट्रन श्रीमती लुदिया भिंगारदिवे यांनी आपल्या अहवालात स्पष्ट नमूद केले आहे की, सदर महिलेस अखंड देखरेखीची आवश्यकता असून ती देणे उपलब्ध सेवकवर्गास शक्य नाही."

"हो," मी म्हटलं. "मीच लिहिलं."

आयझॅक मास्तर पडल्यावर थोरात सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "जे आहे ते लिहून द्या, बाई. लपवू नका. समितीला कळल्याशिवाय समिती काय करणार?" मला ते पटलं. इतकी वर्षं मी सगळं निभावून नेत होते, म्हणूनच समितीला वाटत होतं की निभतंय. मी चार पानं लिहिली. नामीबाई कशा निघून जातात, मला किती वेळा अंघोळ घालता घालता एखाद्याला ओल्या अंगाने सोडून धावावं लागतं, सगळं. ते वाक्यही माझंच होतं. फक्त त्याच्या पुढे आणखी एक वाक्य होतं. तेव्हा आम्हाला आणखी एक बाई द्या, सकाळच्या चार तासांपुरतीच, म्हणजे नामीबाई शेवटपर्यंत इथे राहू शकतील. त्या एका वाक्यासाठी मी ती चार पानं लिहिली होती.

हे मी शांतवनला सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याने कागद अजून माझ्यापुढे धरलेला होता.

त्याने कागदाची घडी घातली. चुलीपाशी उभी असलेली सुनंदा पहिल्यांदा बोलली. "मग मलापण द्या की एक बाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच मागत होती. त्या घरात जाऊन मला अर्धा तास झाला होता, आणि तेवढ्यात मी तिच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. कांदे निवडून निवडून बोटांची टोकं काळी पडून फुटलेली. सकाळ-संध्याकाळ सासूची कूस बदलायची ती याच हातांनी.

गावात दूध डेअरीशेजारी फोन होता. मी चालत तिथे गेले आणि थोरात सरांना लावला.

"सर, इथे आधीच एक अंथरुणाला खिळलेली आहे. दोघं दिवसभर कामाला जातात. यांना इथे ठेवता येणार नाही. मी परत घेऊन येते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"लुदियाबाई," मग ते म्हणाले, "आयझॅक मास्तरांना उद्या दवाखान्यातून सोडताहेत. त्यांना पायरी चढायची नाही, संडास जवळ हवा. अशी खोली एकच आहे, नामीबाईंची. मास्तरांना कुठे ठेवू, तुम्ही सांगा."

"नामीबाईंना माझ्या खोलीत ठेवते, सर. माझ्याजवळ राहतील."

"आणि सकाळी तुम्ही बाकीच्या बावीस जणांना उठवाल, धुवाल, तेव्हा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी दगड नाही हो," ते म्हणाले. "ती प्रार्थना मीसुद्धा ऐकली. पण उद्या त्या ट्रकखाली आल्या तर? किंवा त्यांच्यामागे आणखी कुणी धावलं तर? तुम्हीच लिहिलंत ना, शक्य नाही म्हणून. ते खोटं होतं का?"

"नाही, सर."

"मग?"

ते खोटं नव्हतं. मी फोन ठेवला.

परत आले तेव्हा शांतवनने पेटी आत नेऊन ठेवली होती. बाजेशेजारी जमिनीवर वळकटी पसरली होती. सुनंदाने भात टाकला होता. मी त्याला औषधं समजावून सांगितली. पांढरी सकाळी, पिवळी झोपताना. त्यांना खोबरेल लावून वेणी घातली की शांत राहतात, हेही सांगितलं. बोलताना मला ऐकू येत होतं की मी थांबण्याचं निमित्त शोधतेय. शांतवनलाही ऐकू येत असावं. तो नुसता "हो बाई, हो बाई," म्हणत होता.

मी नामीबाईंपाशी गेले. त्या भावजयीचा लाकडासारखा हात चोळत बसल्या होत्या.

"नामीबाई, मी निघते."

"तू जा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. "मला इथे पंधरा दिवस तरी लागतील. ही फार आजारी आहे. आणि ही सून चांगली आहे, पण हिला कुणी मदतीला नाही."

"बरं," मी म्हटलं.

जीप गावाबाहेर पडेपर्यंत मी मागे वळले नाही. याकोबदादा दिवसभरात जे बोलले नव्हते ते तेव्हा बोलले. "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही केलं नाही."

"तेच तर," मी म्हटलं. त्यांनी गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी आयझॅक मास्तर त्या खोलीत आले. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "नामीबाई कुठायत?" मी सांगितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मी त्यांना भरवायला बसायचे, तर म्हणायचे, "मी कशाला धावलो? गेल्या असत्या थोडं लांब. आल्या असत्या कुणाच्या तरी गाडीतून परत."

नामीबाई मार्चच्या अखेरीला गेल्या. त्याआधी मला एकदाच जायला मिळालं, जानेवारीत. बंगला सोडून दिवसभर बाहेर राहायचं म्हणजे आठवडाभर आधी सांगावं लागायचं. मी एसटीने गेले. पिशवीत संत्री आणि खोबरेलाची बाटली.

पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दाराला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. मी कुलपाकडे बघत उभी राहिले, तशी शेजारची म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "ते दोघं सात वाजता येत्यात. मी देते दुपारची भाकर, गजांतून. काय करतील ती तरी? दोनदा रानात गेली होती. एकदा विहिरीच्या काठावर घावली."

खिडकी लहान होती, उभ्या गजांची. आतून कुणाची तरी पुटपुट ऐकू येत होती. मी हाक मारली. बऱ्याच वेळाने नामीबाई खिडकीशी आल्या. केस कापलेले होते, पोरासारखे. सुनंदाला वेणी घालायला सकाळी वेळ कुठून मिळणार? अंगावरचं पातळ स्वच्छ होतं. ते मी आधी पाहिलं. मग गाल आत गेलेले पाहिले.

"कोण?"

"मी लुदिया."

"लुदिया म्हणून एक आमच्याकडे होती," त्या म्हणाल्या. मी संत्रं सोललं. एकेक फोड गजांतून दिली. त्या लहान मुलासारख्या बिया हातात काढून मला परत देत होत्या. मी त्या घेत होते.

"ही काही शिकत नाही," त्यांनी मागे बाजेकडे बोट दाखवलं. "एवढे दिवस झाले, एक अक्षर काढत नाही. मी काही रागावत नाही तिला."

"नका रागावू."

दुसरं संत्रं संपलं. तिसरं मी हातात घेतलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी ओळखल्यासारखं वाटलं. आजही खात्रीने सांगता येत नाही.

"कुलूप काढ ना," त्या म्हणाल्या.

"किल्ली नाही माझ्याकडे."

"मग कुणाकडे आहे?"

मी शांतवनचं नाव सांगणार होते. तोंडातून निघेना. मी संत्रं सोलत राहिले. शेवटची एसटी पावणेपाचची होती, फाट्यावर थांबायची, तिथवर वीस मिनिटं चालायचं. बंगल्यात संध्याकाळची औषधं द्यायला दुसरं कुणी नव्हतं. सव्वाचार वाजता मी म्हटलं, "नामीबाई, मला निघायला हवं." त्यांनी गजांतून हात बाहेर काढला. मला वाटलं, आणखी एक फोड हवीय. पण त्यांनी माझं मनगट धरलं.

घट्ट धरलं. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली होती कोण जाणे. त्या रडत नव्हत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. नुसतं धरून उभ्या होत्या. शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली, "बाई, गाडी चुकंल हां." मी म्हटलं, "सोडा, नामीबाई." त्यांनी सोडलं नाही. पुन्हा म्हटलं. मग मी पिशवी खाली ठेवली, दुसरा हात गजांपाशी नेला, आणि करंगळीपासून सुरुवात करून त्यांची बोटं एकेक करून सोडवली.